चंद्रकळेची उलटी बाजू

पीएचडीची तयारी करणारे बरेच जण विचारतात, "ज्या विषयावर कागदपत्रंच नाहीत, त्याचा इतिहास लिहायचा कसा?" आज एका लुगड्यावरून सांगतो. यात माझीच एक चूक आहे, म्हणून जास्त उपयोगी पडेल.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये भरतकामाचा एक नमुना आहे. त्यावर जेन बॉस्टॉक हे नाव आणि १५९८ हे साल टाक्यांनीच भरलेलं आहे. इतिहासकाराला यापेक्षा काय हवं? आपल्या घरांतल्या भरतकामावर मात्र नाव-साल सहसा नसतं. कापड वापरलं, झिजलं, शेवटी गोधडीत गेलं.

आमच्या घरात एक काळी चंद्रकळा उरली आहे. आजीचं माहेर धारवाडचं. लुगड्यावर पणजीने भरलेली कसुती आहे. कसुतीत मुख्य टाके चार: गवंती, मुरगी, नेयगी आणि मेंथी. नक्षी आधी छापत नाहीत, कापडाचे धागे मोजत भरतात. गवंतीत सुई धावदोऱ्यासारखी पुढे जाते आणि त्याच वाटेने परतताना सुटलेल्या जागा भरत येते. त्यामुळे दोन्ही बाजू सारख्याच दिसतात. गाठ मारायची नाही, हा कसुतीचा नियम. गोपूर, हत्ती, पालखी, तुळशीवृंदावन या तिच्या ठरलेल्या आकृत्या.

मी रसायनशास्त्राचा विद्यार्थी, त्यामुळे माझं लक्ष आधी रंगाकडे गेलं. पालखी झगझगीत राणी रंगाच्या दोऱ्याने भरलेली होती. १८५६ साली विल्यम पर्किन हा अठरा वर्षांचा मुलगा लंडनमध्ये क्विनाइन बनवायला गेला आणि त्याच्या हाती जांभळा रंग लागला. कोळशाच्या डांबरापासून मिळणाऱ्या पदार्थांतून रंग करता येतात हे कळल्यावर काही वर्षांतच मॅजेंटाही बाजारात आला. म्हणजे दोऱ्यात असा कृत्रिम रंग सापडला, तर तो दोरा १८५६ च्या आधीचा असूच शकत नाही. जुन्या कापडांचा काळ ठरवताना हा नियम खरोखर वापरतात. काही मिलिमीटर धागा मिळाला, तरी एचपीएलसीने रंगातले घटक ओळखता येतात.

मी वहीत लिहिलं: "राणी रंग कृत्रिम दिसतो, म्हणून लुगडं १८५६ नंतरचं." एका वाक्यात तीन चुका! पहिली, रंग नुसत्या डोळ्यांनी ठरवला. दुसरी, "याच्या आधीचं नाही" एवढंच हा नियम सांगतो; नंतर किती वर्षांनी, हे सांगत नाही. तिसरी सगळ्यात मोठी. दोऱ्याचं वय म्हणजे कापडाचं वय नव्हे.

तिसरी चूक लक्षात आली ती लुगडं उलटं केल्यावर. गोपूर आणि हत्ती दोन्ही बाजूंनी तंतोतंत सारखे. पालखीच्या मागे मात्र गाठी, आणि एका दांडीवरून दुसरीकडे ओढलेले लांब दोरे. नियम मोडला होता, म्हणजे हात वेगळा होता.

आजीला दाखवलं. ती म्हणाली, "ती मी भरलीय. उंदरानं कुरतडलं होतं. आईसारखं नाही जमलं मला."

इतकी वर्षं घरात सगळे "पणजीचं लुगडं" म्हणत आलो. त्यात आजीचाही हात आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं. मी रंगाचा इतिहास वाचत बसलो होतो आणि ते भरणारी बाई शेजारच्या खोलीत होती. तिचं सांगणं हाही पुरावाच. तोही तपासून घ्यायचा असतो, आणि इथे मागच्या गाठी त्याला दुजोरा देतात. उद्या ती नसती, तर मी फार तर "दुसरा हात" एवढंच लिहू शकलो असतो.

तेव्हा प्रयोगशाळेत नमुना पाठवायच्या आधी तीन कामं करा. कापडाच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढा. दुरुस्तीच्या जागा वेगळ्या नोंदवा. आणि घरातल्या सगळ्यात वयस्कर बाईला विचारा, "यातलं कुठलं कुणी भरलं?" उत्तर तिच्याच शब्दांत लिहा, खाली तारीख घाला. माझ्या वहीत आता एका लुगड्यासमोर दोन नावं आहेत.