प्रथमोपचाराचे पहिले गुरु

भर रस्त्यांत एकादा मनुष्य गाडीखालीं सांपडला म्हणजे त्याच्याभोंवतीं लोकांचें कोंडाळें जमतें. दयेची उणीव कोणाजवळच नसते. परंतु काय करावें हें मात्र कोणास ठाऊक नसतें, आणि डॉक्टर येईपर्यंत जखमेंतून रक्त वाहतच राहतें. एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडमध्यें कारखाने, खाणी आणि आगगाड्या वाढल्या, तसे अपघातहि वाढले. पण अपघाताच्या जागींच जखमीला सांवरून धरण्याची विद्या मुख्यतः सैन्यांतील शस्त्रवैद्यांजवळच राहिली होती.

ही विद्या सामान्य जनांस द्यावी, या हेतूनें १८७७ सालीं इंग्लंडमध्यें सेंट जॉन अँब्युलन्स असोसिएशन ही संस्था स्थापन झाली. तिचा पहिला वर्ग १८७८ च्या जानेवारींत लंडनजवळच्या वुलिच येथें, तोफखान्याच्या व शस्त्रागाराच्या गांवीं भरला. शिकविणारे होते लष्करांतील शस्त्रवैद्य सर्जन-मेजर पीटर शेफर्ड. तोफखान्यांतील अधिकारी फ्रान्सिस डंकन हे त्यांचे सहकारी. वाहतें रक्त कोठें व कसें दाबून धरावें, मोडलेला पाय हाताशीं असलेल्या काठीनें किंवा छत्रीनें कसा जखडावा, तिकोनी पट्टी कशी बांधावी, बुडालेल्याचा श्वास परत कसा आणावा, हे त्या शिक्षणांतील धडे. शेफर्ड यांनीं या पाठांचें एक लहानसें पुस्तकहि तयार केलें. शिकणाऱ्याची मर्यादा स्पष्ट होती : त्यानें डॉक्टरची जागा घ्यावयाची नाहीं, डॉक्टर येईपर्यंतचा वेळ तेवढा राखावयाचा.

वर्गास वर्ष होतें न होतें, तोंच शेफर्ड दक्षिण आफ्रिकेंत रणांगणावर होते. इंग्रजांनीं झुलूंच्या मुलखावर स्वारी केली होती. २२ जानेवारी १८७९ रोजीं इसांडल्वाना येथें, स्वतःच्या भूमीच्या रक्षणास उभ्या राहिलेल्या झुलू सैन्यानें इंग्रजांची छावणी धुळीस मिळविली. इंग्रजांच्या बाजूचीं सुमारें तेराशें माणसें पडलीं. जे घोड्यांवरून निसटले, त्यांत शेफर्ड होते. वाटेंत एक स्वार घायाळ झाला. त्यास तपासण्यासाठीं ते घोड्यावरून उतरले, आणि तेथेंच भाल्याच्या घावानें त्यांचा अंत झाला. वयाचीं चाळीस वर्षेंहि पुरीं झालीं नव्हतीं.

त्यांचें पुस्तक मात्र मागें राहिलें, वर्ग वाढत गेले, आणि शिकलेल्या लोकांतून १८८७ मध्यें सेंट जॉन अँब्युलन्स ब्रिगेड हें स्वयंसेवकांचें पथक उभें राहिलें.

झुलूंच्या मुलखाला लागूनच असलेल्या नाताळ वसाहतींत १८९९ सालीं बोअर युद्ध पेटलें, तेव्हां गांधीजींनीं हिंदी लोकांचें शुश्रूषापथक उभारलें. त्यांत सुमारें अकराशें माणसें होतीं; तीनशें स्वतंत्र, बाकीचे गिरमिटिये मजूर. जखमींच्या शुश्रूषेचे धडे त्यांस डॉ. बूथ यांनीं दिले. ज्यांस त्या वसाहतींत मानानें कोणी वागवीत नव्हतें, त्यांनीं स्पिऑन कॉपच्या लढाईंत जखमी शिपायांच्या डोल्या खांद्यावर घेऊन दिवसाकाठीं २०-२५ मैलांची वाट तुडविली.

आजहि रस्त्यावरच्या कोंडाळ्यांतून कधीं एक जण पुढें होतो, गुडघे टेकतो आणि वाहत्या जखमेवर हात दाबून धरतो. इतरांपेक्षां त्याचें हृदय अधिक कोमल असतें असें नाहीं. त्याला कोणीतरी वेळीं शिकविलेलें असतें.