१९९२ चा रोखे गैरव्यवहार आणि संयुक्त संसदीय समिती

प्रस्तावना : १९९१ मध्ये भारताने उदारीकरणाचे धोरण स्वीकारले आणि एप्रिल १९९२ मध्ये मुंबईतील रोखे गैरव्यवहार उघडकीस आला. त्याची कारणे व संसदीय चौकशी यांचा येथे आढावा घेतला आहे.

स्वरूप : सरकारी रोख्यांच्या व्यवहारात प्रत्यक्ष रोख्यांऐवजी 'बँक पावती' देण्याची प्रथा रूढ होती. तिचा गैरफायदा घेऊन दलालांनी बँकांचा पैसा शेअर बाजारात वळविला. बँक ऑफ कराड व मेट्रोपॉलिटन सहकारी बँक यांनी रोख्यांचा आधार नसलेल्या पावत्या दिल्या होत्या. परिणामी बँक ऑफ कराड अवसायनात निघाली. ठेवीदारांचा मात्र यात कोणताही दोष नव्हता.

संसदीय चौकशी : ऑगस्ट १९९२ मध्ये रामनिवास मिर्धा यांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त संसदीय समिती नेमण्यात आली. डिसेंबर १९९३ च्या अहवालात तिने केवळ दलालांनाच नव्हे, तर बँका, रिझर्व्ह बँक व अर्थ मंत्रालय यांनाही जबाबदार धरले.

निष्कर्ष : तथापि २००२ मध्ये नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेने पैसे मोजूनही तिच्या हाती रोखे आले नाहीत. विदर्भातील शेतकऱ्यांचे पीककर्ज अशाच बँकांवर अवलंबून असते. म्हणूनच चौकशी अहवालाचे मोल त्याच्या अंमलबजावणीवरच ठरते.