नगर जिल्ह्यात पृथ्वीचा गोल

नववीच्या वर्गात भूगोल या विषयाला फारसा मान नाही. गणित-विज्ञानाला शिकवणी लागते, इंग्रजीची धास्ती असते. भूगोल मात्र परीक्षेच्या आदल्या रात्री उरकावयाचा, चाळीस गुणांचा, 'पाठ केला की सुटणारा' विषय मानला जातो. आमच्या धर्मग्रामांतील कितीतरी घरांत आम्ही हेच पाहतो. पालकांना मुलाच्या बीजगणिताची काळजी असते. पण मेक्सिको कोठे आहे हे त्याला नकाशात दाखविता येते की नाही, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. आम्हांस याची खंत वाटते, आणि तिचे कारण इतिहासात आहे. आपल्या नगर जिल्ह्यात, म्हणजे २०२४ पासूनच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, जगाचा भूगोल हा कधीच नुसता पाठांतराचा विषय नव्हता. पृथ्वीचा गोल कोणी पाहावा आणि कोणी पाहू नये, हा येथे एके काळी माणुसकीचा प्रश्न होता.

आरंभीच एक गैरसमज दूर करावयास हवा. पृथ्वी वाटोळी आहे हे ज्ञान आपल्याकडे गलबतातून आले, असे कोणी समजू नये. आर्यभटाने पाचव्या शतकाच्या अखेरीस आणि भास्कराचार्यांनी ११५० च्या 'सिद्धान्तशिरोमणि' ग्रंथात पृथ्वी गोल असल्याचे स्पष्ट मांडले होते. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने मठ स्थापिल्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे. आपल्या नाशिक धर्मप्रांताच्या सीमेतच तो येतो. ज्ञान होते, पण ते संस्कृतात होते आणि मोजक्या घरांत होते. गावच्या पंतोजींच्या शाळेत मोडी, पाढे आणि हिशेब शिकवीत. जगाचा नकाशा तेथे नव्हता, आणि गावकुसाबाहेरच्या मुलाला तर त्या ओसरीवरही जागा नव्हती.

१८३१ साली अमेरिकन मराठी मिशनने अहमदनगर येथे ठाणे उघडले. ही मंडळी आपल्या पंथाची नव्हती. परंतु श्रेय ज्याचे त्याला द्यावे. त्यांच्या शाळांत वाचन-लेखनाबरोबर भूगोल आला, भिंतीवर नकाशे आले. सिंथिया फरार या अमेरिकन बाई १८२७ च्या अखेरीस मुंबईस उतरल्या आणि १८३९ मध्ये नगरला आल्या. मुलींच्या शाळा चालविण्यात त्यांनी उरलेले आयुष्य वेचले आणि १८६२ मध्ये नगरलाच देह ठेवला. १८४२ साली नगरहूनच 'ज्ञानोदय' हे नियतकालिक निघू लागले. धर्मविषयक मजकुराबरोबर सृष्टिज्ञान आणि देशोदेशीची माहिती त्यातून मराठी वाचकांपुढे येऊ लागली.

मिशनऱ्यांचा हेतू निव्वळ ज्ञानदानाचा होता, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. पुराणांतील सप्तद्वीपे आणि मेरुपर्वत खोटे ठरविण्याचे एक साधन म्हणूनही ते भूगोलाकडे पाहत. त्याला येथल्या विद्वानांनी उत्तरही दिले. माळव्यातील सिहोर येथे सुबाजी बापू या मराठी शास्त्र्यांनी १८३६ मध्ये 'सिद्धान्तशिरोमणिप्रकाश' हा ग्रंथ लिहिला. पुराणांचे मत, ज्योतिषसिद्धान्तांचे मत आणि कोपर्निकसचे मत अशी तिन्ही मते त्यांनी मराठीत समोरासमोर ठेवली. वादाने झालेला हा मोठाच लाभ होय. जे ज्ञान पोथीत होते, ते मराठीत चर्चेला आले.

परंतु आमच्या मते त्या काळातील खरी क्रांती वादात नव्हती. ती वर्गात घडली. ज्या मुलीला गावच्या विहिरीवर घागर बुडविण्याची मुभा नव्हती, तिच्यासमोर कोणीतरी सारी पृथ्वी ठेवली. गावाच्या नकाशात तिची जागा ठरलेली होती, कुसाबाहेर आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला. पृथ्वीच्या गोलावर मात्र कूस नव्हते. तेथे विषुववृत्त होते, रेखांश होते, समुद्र होते. पण अमुक जागा पवित्र आणि अमुक जागा विटाळाची असे कोठे लिहिलेले नव्हते. हा धडा कोणत्याही पुस्तकात छापलेला नव्हता, तरी तो शिकणाऱ्याच्या मनात उतरल्यावाचून राहिला नसेल.

फरारबाईंची शाळा पाहूनच जोतीराव फुले यांना मुलींच्या शाळेची प्रेरणा मिळाली, हे त्यांनी स्वतःच नमूद केले आहे. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे शिक्षण नगरला फरारबाईंकडे घेतले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. १८४८ साली पुण्यात उघडलेल्या त्या शाळेचा एक धागा असा नगरच्या शाळेशी जोडलेला आहे. पुढे १८५५ मध्ये फुले दांपत्याच्या शाळेतील मुक्ता साळवे या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध 'ज्ञानोदया'तच छापला गेला. आपली स्थिती जगापुढे मांडावयाची तर आधी जग आहे हे कळावे लागते.

आता आपल्या कॅथलिक मिशनकडे वळू. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पंचवीस वर्षांत जर्मन येशूसंघीय धर्मगुरू केंदळ, वळण, संगमनेर या भागांत आले. त्यांच्या गावशाळांतून शिकलेल्यांची नातवंडे-पतवंडे आज या अंकाचे वाचक आहेत. फादर हेन्री डोरिंग यांनी १९०३ साली केंदळहून 'निरोप्या' मासिक सुरू केले. १९०७ मध्ये ते पुण्याचे महागुरुस्वामी झाले. पुढे १९२१ साली त्यांची नेमणूक जपानमधील हिरोशिमा येथे झाली, आणि १९२७ मध्ये ते पुन्हा पुण्यास परतले. आजचा विद्यार्थी हिरोशिमा हे नाव १९४५ च्या अणुबॉम्बमुळे ओळखतो. केंदळच्या मातीत मराठी बोललेला एक धर्मगुरू त्या बॉम्बच्या कितीतरी आधी तेथला मेंढपाळ होता, हे किती शाळांत सांगितले जाते? जर्मनी, केंदळ, पुणे, हिरोशिमा आणि पुन्हा पुणे अशी रेघ नकाशावर ओढली, तर एकाच माणसाच्या आयुष्यात दोन खंड आणि कित्येक समुद्र सामावतात.

जगाने नगरला यावे आणि तेही बेड्या घालून, असा योग तर वारंवार आला. दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धात पकडलेले कैदी विसाव्या शतकाच्या प्रारंभी नगरला ठेवले होते. १९१४ च्या महायुद्धात हिंदुस्थानातील जर्मन नागरिकांची मोठी छावणी नगरलाच होती. त्याच काळात मुंबई-पुणे मिशनच्या जर्मन येशूसंघीयांच्या वाट्यालाही नजरकैद आणि हद्दपारी आली, आणि मिशनचे काम इतर देशांच्या धर्मगुरूंना उचलावे लागले. १९३९ मध्ये दुसरे महायुद्ध पेटले, तेव्हा नंगा पर्वताच्या मोहिमेवर आलेले हाइनरिक हारर आणि पेटर आउफश्नायटर हे ऑस्ट्रियन गिर्यारोहक प्रथम नगरच्या छावणीत आले. पुढे डेहराडूनच्या छावणीतून निसटून ते तिबेटात पोहोचले, आणि आउफश्नायटर यांनी ल्हासा शहराचा नकाशा तयार केला. ऑगस्ट १९४२ पासून भुईकोट किल्ल्यात पंडित नेहरू, मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव आदी नेते बंदिवासात होते. नेहरूंनी १९४४ मध्ये 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' तेथेच लिहिले. आफ्रिका, युरोप, तिबेट, हिंदुस्थान ही सारी नावे एका शहराच्या वेशीत सापडतात. असे पाठ्यपुस्तक आयते हाताशी असताना आपण मुलांना राजधान्यांची यादी तेवढी पाठ करावयास देतो.

इतिहासाप्रमाणेच निसर्गही येथे शिक्षकाच्या मदतीला उभा आहे. सध्या नववीच्या पुस्तकात वृष्टीचे प्रकरण आहे. प्रतिरोध पर्जन्य समजावयास नगरच्या मुलाला परदेशी उदाहरण लागू नये. अकोले तालुक्यात १६४६ मीटर उंचीचे कळसूबाई शिखर आहे. अरबी समुद्रावरून आलेले बाष्पयुक्त वारे सह्याद्रीला अडून वर चढतात, थंड होतात आणि घाटघर परिसरात कित्येक वर्षी पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पाडतात. तेच वारे पूर्वेकडे उतरताना उबदार व कोरडे होतात, आणि नगर शहराच्या वाट्याला वर्षाकाठी साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर तेवढे येते. जिल्हा एकच, पण त्यात कोकणचा चिखल आहे आणि दुष्काळी माणदेशाचा फुफाटाही आहे. हे ज्याला उमगले, त्याला अँडीज पर्वताच्या आडोशाला असलेले अर्जेंटिनाचे पॅटागोनिया कोरडे का, हे वेगळे शिकवावे लागत नाही.

अक्षांश-रेखांशांचेही तसेच. शाळेच्या पटांगणात एक काठी सरळ रोवावी आणि तिची सावली सर्वांत आखूड केव्हा होते ते घड्याळात पाहावे. बारा वाजता ती होत नाही. सरासरीने साडेबाराच्या सुमारास होते, आणि वर्षभरात ही वेळ पंधरा-सोळा मिनिटे पुढेमागे होते. भारताची प्रमाणवेळ ८२ अंश ३० मिनिटे पूर्व रेखांशाची, आणि नगर पावणेपंच्याहत्तर अंशांच्या जवळ. एका अंशाला चार मिनिटे या हिशेबाने एकतीस मिनिटांचा फरक मुलगा स्वतः काढू शकतो. मेच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस सूर्य नगरच्या अगदी डोक्यावर येतो. ढग नसले तर काठीची सावली तिच्या बुंध्याशीच मावळते. नगर १९ अंश उत्तर अक्षवृत्ताच्या किंचित वर आहे. ते वृत्त बोटाने पश्चिमेकडे नेत जावे, म्हणजे आफ्रिका आणि अटलांटिक महासागर ओलांडून बोट मेक्सिको शहराच्या जवळून जाते. हरेगावच्या मतमाउलीची यात्रा करणारे आमचे भाविक आणि ग्वादालुपेच्या मातेच्या दर्शनाला लोटणारे मेक्सिकोचे भाविक जवळजवळ एकाच अक्षवृत्तावर गुडघे टेकतात. तरी मेक्सिको शहर समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार मीटर उंच असल्याने तेथला उन्हाळा नगरसारखा भाजत नाही. असे का, हा प्रश्न मुलाने विचारला की भूगोल सुरू झाला.

हा विषय पोटापाण्याचाही आहे. १९२६ मध्ये पुऱ्या झालेल्या भंडारदरा धरणाच्या पाण्यावर प्रवराकाठचा ऊस वाढला. साखरेच्या उत्पादनात ब्राझील आणि भारत हे जगातील पहिले दोन देश आहेत, आणि दहावीच्या भूगोलात याच दोन देशांची तुलना आहे. श्रीरामपूर-राहात्याच्या मुलाला तो धडा परका वाटू नये. ब्राझीलच्या उसाचा परिणाम त्याच्या घरच्या उसाच्या भावापर्यंत पोहोचतो. तसेच समोच्च रेषांचे. पुस्तकात त्या कंटाळवाण्या वाटतात. पण १९४८ साली भारतात आलेले स्विस येशूसंघीय फादर हर्मन बाखर यांनी पाणलोट विकासाची जी चळवळ नगर जिल्ह्यात उभी केली, तिने त्या रेषा डोंगरावर खोदून दाखविल्या. संगमनेर तालुक्यातील दरेवाडीसारख्या गावांत सलग समतल चर म्हणजे जमिनीवर उतरलेली समोच्च रेषाच होय. ती चुकली तर पाणी वाहून जाते, बरोबर आली तर मुरते. विहिरीला पाणी येणे न येणे नकाशा वाचण्यावर अवलंबून असते, हे त्या गावांनी अनुभवाने जाणले.

म्हणून पालकांना आमचे सांगणे थोडकेच आहे. बायबलशेजारी घरात एक मराठी नकाशासंग्रह असू द्यावा. तो महाग नसतो. धर्मग्रामातील एखादी सिस्टर आफ्रिकेत सेवेला गेली, एखाद्या घरची परिचारिका आखाती देशात गेली, की त्या गावाचे नाव मुलांना त्यात शोधावयास लावावे. तेथे आता किती वाजले असतील, हेही विचारावे. शिक्षकांनी वर्षातून एकदा तरी वर्ग भुईकोट किल्ल्याकडे न्यावा, आणि एकदा चर खोदलेल्या डोंगराकडे. शाळेतील पृथ्वीगोल कपाटात कुलूपबंद असेल, तर तो आधी बाहेर काढावा. या जिल्ह्यात तो कुलपाबाहेर यावा म्हणून दोन शतकांपूर्वी काही माणसे फार दुरून आली होती, आणि तो पाहावयास मिळावा म्हणून इथल्या काही मुलींनी गावाचा रोष पत्करला होता.