स्पीकरला साजेसा पॉवर ॲम्प्लिफायर कसा निवडावा?

प्री-ॲम्प्लिफायरकडून येणारा क्षीण विद्युत संकेत स्पीकर हलवण्याइतका सशक्त करणे, हे पॉवर ॲम्प्लिफायरचे काम. उंची ॲम्प्लिफायरची किंमत लाखांत जाते. पण म्हणून तो कोणत्याही स्पीकरवर चांगलाच वाजेल असे नाही. त्यामुळे निवडीची सुरुवात स्पीकरच्या माहितीपत्रकापासून करावी.

किती वॅट लागतात?

पहिला आकडा संवेदनशीलतेचा. ८७ डेसिबल म्हणजे १ वॅट दिल्यावर १ मीटर अंतरावर मिळणारी आवाजाची पातळी. काही कंपन्या हे मोजमाप २.८३ व्होल्टवर देतात. ८ ओहमच्या स्पीकरसाठी तो १ वॅटच असतो. ४ ओहमच्या स्पीकरसाठी मात्र २ वॅट होतात आणि आकडा ३ डेसिबलने फुगतो.

वॅट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. आवाज कानाला साधारण दुप्पट वाटावा, तर १० डेसिबल, म्हणजे १० पट वॅट लागतात. समजा, श्रोता ३ मीटरवर बसला आहे. ८७ डेसिबलचे दोन स्पीकर प्रत्येकी १ वॅटवर त्याच्यापर्यंत सुमारे ८० डेसिबल पोहोचवतील. तबल्याची थाप किंवा वाद्यवृंदाचा कळस १०० डेसिबलला जायचा, तर क्षणभर १०० वॅट हवेत. स्पीकर ९३ डेसिबलचा असेल तर २५ वॅट पुरतात. ८१ डेसिबलचा असेल तर ४०० लागतात. बंद खोलीतल्या भिंतींच्या परावर्तनामुळे ही गरज थोडी कमी होते.

ओहमचे गणित

दुसरा आकडा इम्पिडन्सचा. ‘८ ओहम’ हे नाममात्र मूल्य असते. प्रत्यक्षात ते स्वराच्या उंचीनुसार बदलते आणि काही ठिकाणी ३-४ ओहमपर्यंत उतरू शकते. म्हणून किमान मूल्य पाहावे. इम्पिडन्स निम्मा झाला की त्याच व्होल्टेजला दुप्पट विद्युतप्रवाह लागतो. ८ ओहमवर १०० आणि ४ ओहमवर २०० वॅट देणाऱ्या ॲम्प्लिफायरचा वीजपुरवठा भक्कम समजावा. १९८० च्या दशकातला अपोजी सिंटिला हा रिबन स्पीकर सुमारे १ ओहमचा होता. भलेभले ॲम्प्लिफायर त्याच्यापुढे हात टेकत.

ब्रिज पद्धतीने दोन चॅनल जोडल्यास प्रत्येक चॅनलला स्पीकरचा इम्पिडन्स निम्माच जाणवतो. ४ ओहमच्या स्पीकरसाठी हा मार्ग जपून वापरावा.

कमी वॅटचा धोका

जास्त वॅटने स्पीकर जळतो, हा समज अर्धाच खरा आहे. लहान ॲम्प्लिफायर क्षमतेबाहेर चालवला की लहरींची टोके छाटली जातात, म्हणजेच क्लिपिंग होते. त्यातून तीव्र स्वरांतली ऊर्जा वाढते आणि नाजूक ट्वीटर जळू शकतो. पुरेशी राखीव ताकद असलेला ॲम्प्लिफायर, आवाज बेताचा ठेवल्यास, अधिक सुरक्षित असतो.

कोणता प्रकार?

क्लास ए ॲम्प्लिफायर संगीत बंद असतानाही भरपूर वीज खातो आणि तापतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात बंद कपाटात तो ठेवूच नये. क्लास एबी हा मधला मार्ग. क्लास डी कमी तापतो आणि कमी जागेत जास्त वॅट देतो. ३००बी व्हॉल्व्हचा सिंगल-एंडेड ॲम्प्लिफायर सुमारे ८ वॅटच देतो. १०० डेसिबलच्या हॉर्न स्पीकरला ते भरपूर होतात, ८७ च्या स्पीकरला तोकडे पडतात. शिवाय व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरचा आउटपुट इम्पिडन्स सहसा जास्त असल्याने स्पीकर बदलला की स्वरांचा समतोलही बदलतो.

विकत घेण्यापूर्वी

शक्य असल्यास ॲम्प्लिफायर घरी आणून, आपल्याच स्पीकरवर, ओळखीच्या रेकॉर्डिंगसह ऐकावा. दोन ॲम्प्लिफायरची तुलना करताना दोन्हींचा आवाज मीटरने मोजून सारखा करावा. किंचित मोठा आवाज कानाला नेहमी ‘चांगला’ वाटतो, आणि तेवढ्या फरकापायी लाखभर रुपये चुकीच्या यंत्रावर खर्च होऊ शकतात.