नीरेचा पाट आणि निचऱ्याचा धडा

शेतास पाणी आणणे हे जितके पुण्यकर्म, तितकेच नको असलेले पाणी शेताबाहेर काढणे हेही होय. आपल्या सभासद-कुटुंबांपैकी ज्यांची काळी, भारी जमीन पाटाखाली आहे, त्यांच्यापुढे हा इतिहास ठेवणे आम्हांस अगत्याचे वाटते.

१८७६-७७ च्या दुष्काळाने दख्खनचा मुलूख होरपळून निघाला. त्यानंतर १८८५ मध्ये नीरा डावा कालवा सुरू झाला आणि बारामतीकडील ज्या रानांत ज्वारी-बाजरीचाही भरवसा नव्हता, तेथे ऊस डोलू लागला. परंतु पाणी वाहते तसे मुरतेही. पाटाचा पाझर आणि उसास सढळ हाताने दिलेले पाणी जमिनीत साचत गेले. ते वर चढून उन्हाने उडून जाई व क्षार मागे ठेवी. सखल रानांवर पांढरी मीठफुटी दिसू लागली. १९१० मध्येच डॉ. हॅरोल्ड मॅन व ताम्हणे यांना नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींवर पुस्तिका लिहावी लागली, यावरून दुखणे किती लवकर बळावले हे ध्यानी यावे.

उपाय चरांचा; पण कोठला चर? क्लॉड इंग्लिस प्रभृती अभियंत्यांच्या संशोधनातून याचे मर्म उलगडले. काळी माती भिजली की फुगते, तिच्या भेगा मिटतात आणि तिच्यातून पाणी फारसे हलत नाही. ते वाहते खालच्या मुरमातून. म्हणून काळ्या मातीतच थांबलेला उथळ चर व्यर्थ जातो. मुरमास भिडलेला एकच चर भोवतालचे रान मोकळे करतो. आधी जागोजागी खड्डे घेऊन मुरूम किती खोल आहे हे पाहिले, तर खोदाईचा पुष्कळ खर्च वाचतो.

पुढे सांगली-कोल्हापूरकडील क्षारपड जमिनींत छिद्रांच्या नळ्या गाळणीचे आवरण घालून पुरण्यात आल्या. त्यांत जमीन अडकत नाही, हा लाभ. परंतु खर्च चरापेक्षा अधिक. चोपण जमिनीस जिप्सम व ढैंच्याचे हिरवळीचे खत उपयोगी खरे. मात्र सुटलेला क्षार वाहून जाण्यास वाट नसेल, तर तो पैसा मातीतच गेला म्हणावयाचा.

आता मुख्य गोष्ट. चर ओढ्यास मिळाल्याविना पुरा होत नाही, आणि ओढ्यापर्यंतची वाट बहुधा शेजाऱ्याच्या वावरातून जाते. वाटण्यांनी आपली रानें लहान झाली, बांधावरून भाऊबंदांत अबोला आला. पण मीठफुटी बांध ओळखीत नाही. वरच्याने पाणी जपून द्यावे, खालच्याने वाट द्यावी, चराचा खर्च सर्वांनी क्षेत्राच्या मानाने वाटून घ्यावा आणि दर पावसाळ्यापूर्वी गाळ व लव्हाळे काढावे.

आपल्या वडीलधाऱ्यांनी पाण्यासाठी वाट पाहिली. त्या पाण्याला वाट करून देणे हे आपले कर्तव्य होय.