टोकियो स्कायट्री: टॉवरवरून शहर कसं बघायचं आणि फोनमध्ये कसं टिपायचं?

गेल्या डिसेंबरात बाबा पुण्याहून दहा दिवसांसाठी माझ्याकडे टोकियोला आले होते. गुडघ्यांमुळे एवढा लांबचा प्रवास पुन्हा जमेल असं त्यांना वाटत नव्हतं. त्यामुळे यादी अगदी छोटी होती: स्कायट्री बघायचा आणि आईसाठी तिथून फुजी पर्वताचा फोटो न्यायचा. आईला येता आलं नव्हतं.

मी संध्याकाळची तिकिटं काढली. वर दीडशेच्या आसपास फोटो काढले. घरी येऊन बघते तर काय, बहुतेक फोटोंत टोकियोच्या डोक्यावर माझाच चेहरा आणि मागच्या दिव्यांच्या पट्ट्या! फुजी तर एकाही फोटोत नव्हता. बाबा काही बोलले नाहीत, पण फोन परत देताना त्यांचा चेहरा उतरला होता.

ते परत जायच्या दोन दिवस आधी आम्ही पुन्हा वर गेलो. मधल्या दिवसांत मी जे वाचलं आणि करून पाहिलं, ते सगळं इथे देते आहे. उदाहरण स्कायट्रीचं असलं तरी फोटोच्या टिप्स कुठल्याही उंच इमारतीच्या काचेआड चालतील.

हा टॉवर एवढा उंच कशासाठी?

फिरायला येणाऱ्यांसाठी नाही! स्कायट्री हा मुळात टीव्हीचा टॉवर आहे. उंची ६३४ मीटर, आणि तो २२ मे २०१२ रोजी लोकांसाठी उघडला. त्याआधी टोकियोत टीव्हीचं प्रक्षेपण १९५८ साली बांधलेल्या ३३३ मीटरच्या टोकियो टॉवरवरून व्हायचं. पण शहरात २०० मीटरपेक्षा उंच इमारती वाढत गेल्या आणि त्या सिग्नलच्या वाटेत यायला लागल्या. डिजिटल टीव्हीच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. मध्ये इमारत किंवा डोंगर आला की पलीकडे सिग्नल कमजोर होतो. त्यामुळे प्रक्षेपण जास्त उंचीवर न्यावं लागलं. मे २०१३ मध्ये टीव्हीचं मुख्य प्रक्षेपण स्कायट्रीवर आलं.

म्हणजे टॉवरवरून घरं 'दिसली' पाहिजेत म्हणून तो उंच केला. टॉवरला घर दिसतं, तर तिथे उभ्या असलेल्या आपल्यालाही ते दिसणारच. प्रकाश काय आणि टीव्हीची लहर काय, दोन्ही विद्युतचुंबकीय लहरीच. आपण वर जाऊन जो नजारा बघतो, तो खरं तर या टॉवरच्या कामाचा नकाशा आहे.

उंचीच्या आकड्यातही एक गंमत आहे. जपानीत ६-३-४ हे 'मु-सा-शी' असं वाचता येतं, आणि मुसाशी हे या भागाचं जुनं नाव.

वरून किती लांबचं दिसतं?

पृथ्वी गोल असल्यामुळे नजर क्षितिजापाशी अडते. ते अंतर काढायचं सोपं सूत्र असं:

क्षितिजाचं अंतर (किलोमीटर) = ३.५७ × √उंची (मीटर)

स्कायट्रीवर लोकांसाठी दोन टप्पे आहेत. खालचा 'तेम्बो डेक' साधारण ३५० मीटरवर आणि वरचा 'तेम्बो गॅलेरिया' ४५० मीटरवर. मजल्यांचे क्रमांकही मीटरवरूनच दिलेत, त्यामुळे लिफ्टमध्ये '३५०' दिसलं तर तेवढे मजले मोजत बसू नका.

• ३५० मीटरवरून क्षितिज: सुमारे ६७ किमी
• ४५० मीटरवरून क्षितिज: सुमारे ७६ किमी

मग साधारण १०० किमी लांबचा फुजी कसा दिसतो? कारण फुजी स्वतःच ३,७७६ मीटर उंच आहे. त्याच्या शिखरावरून क्षितिज सुमारे २१९ किमीवर येतं. दोन उंच जागा एकमेकींना दिसतात का, हे बघायला दोन्ही अंतरांची बेरीज करायची. इथे ६७ + २१९ = २८६ किमी, म्हणजे गणितात फुजी आरामात बसतो. आम्हाला तो दिसला नाही याचा दोष पृथ्वीच्या गोलाईचा नव्हता. दोष हवेचा होता आणि मी निवडलेल्या वेळेचा होता. त्याकडे पुढे येऊच.

लिफ्टमध्ये करायचा प्रयोग

लिफ्ट मिनिटाला ६०० मीटर वेगाने जाते आणि साधारण ५० सेकंदांत ३५० मीटरवर पोहोचवते. कान बंद होतात. तेवढ्यात फोनकडेही बघा. बऱ्याच फोनमध्ये हवेचा दाब मोजणारा बॅरोमीटर सेन्सर असतो (स्वस्त फोनमध्ये कधीकधी नसतो). बॅरोमीटरचं एखादं ॲप आधीच उघडून ठेवा. जमिनीजवळ दर १०० मीटरला दाब सुमारे १२ हेक्टोपास्कलने कमी होतो, म्हणजे वर जाईपर्यंत आकडा ४० च्या आसपास उतरायला हवा. फिटनेस ॲप तुम्ही किती जिने चढलात हे सांगतं ना, ते याच सेन्सरच्या जोरावर.

याहून भारी प्रयोग इथे शास्त्रज्ञांनी केला आहे. हिदेतोशी कातोरी यांच्या गटाने दोन अतिअचूक घड्याळं घेतली. एक खाली ठेवलं, एक ४५० मीटरवर. २०२० साली निकाल प्रसिद्ध झाला: वरचं घड्याळ दिवसाला सुमारे ४ नॅनोसेकंद पुढे जातं. आइन्स्टाइनच्या सिद्धांतानुसार गुरुत्वाकर्षण जिथे कमी, तिथे वेळ किंचित वेगाने सरतो. हा हिशेब तुमच्या खिशातही चालू असतो. जीपीएस उपग्रहांची घड्याळं जमिनीच्या तुलनेत दिवसाला एकूण सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. ती चूक दुरुस्त केली नाही, तर मॅपवरचा निळा ठिपका भरकटत जाईल.

भूकंप आला तर?

बाबांचा पहिला प्रश्न हाच होता. टॉवरच्या पोटात काँक्रीटचा ३७५ मीटर उंच पोकळ खांब आहे. तो खालच्या १२५ मीटरपर्यंत बाहेरच्या पोलादी सांगाड्याला पक्का जोडलाय. त्याच्या वर दोघांमध्ये तेलाचे डॅम्पर आहेत. धक्का बसला की खांब आणि सांगाडा वेगवेगळ्या लयीत हलतात आणि डॅम्पर त्यांचं हलणं शोषून घेतात. या खांबाला 'शिंबाशिरा' म्हणतात. जपानच्या जुन्या पाच मजली लाकडी पॅगोडांच्या मधल्या खांबाचं हे नाव. ११ मार्च २०११ च्या मोठ्या भूकंपाच्या वेळी टॉवरचं काम चालू होतं. त्याने तो धक्का सोसला आणि त्याच महिन्यात ६३४ मीटरची उंची गाठली.

फोटो का बिघडतात? तीन कारणं

१. काच. काचेवर पडलेला साधारण ८ टक्के प्रकाश परत फिरतो. दिवसा बाहेर एवढा उजेड असतो की आतल्या दिव्यांचं हे ८ टक्के प्रतिबिंब त्यात हरवून जातं. अंधार पडला की गणित उलटतं. बाहेरचं शहर मंद, आतले दिवे तेजस्वी, आणि फोटोत तुम्हीच! माझ्या पहिल्या फेरीत नेमकं हेच झालं होतं.

२. हवा. १०० किमी लांबच्या डोंगरावरून येणारा प्रकाश १०० किमी हवेतून येतो. वाटेत बाष्प आणि धूळ तो विखुरतात, म्हणून लांबचं सगळं फिकट निळसर दिसतं. उन्हाळ्यात टोकियोची हवा दमट असते, त्यामुळे फुजी क्वचितच दिसतो. थंडीत हवा कोरडी असते, तेव्हा शक्यता बरीच वाढते, तीही सकाळी.

३. आकार. हात लांब करून करंगळी डोळ्यांसमोर धरा. तिची रुंदी म्हणजे साधारण १ अंश. स्कायट्रीवरून फुजीची उंची जेमतेम दोन करंगळ्यांएवढी, म्हणजे सुमारे २ अंश. फोनचा मुख्य कॅमेरा आडवा जवळजवळ ७० अंशांचा नजारा घेतो. फोटो ४,००० पिक्सेल रुंद असेल तर अख्खा फुजी फार तर १२० पिक्सेल उंच. आपल्याला डोंगर मोठा वाटतो, कारण मन त्याच्यावरच खिळलेलं असतं. कॅमेऱ्याला त्याचं काही कौतुक नाही.

कधी जायचं?

• फुजी हवा असेल तर डिसेंबर ते फेब्रुवारी, सकाळी. फुजी टॉवरच्या पश्चिमेकडे येतो, त्यामुळे सकाळचं ऊन त्याच्यावर समोरून पडतं. संध्याकाळी त्याच्यामागे सूर्य असतो. हवा स्वच्छ असली तर नुसती काळी आकृती मिळते.
• शहराचे दिवे हवे असतील तर सूर्यास्ताच्या थोडं आधी पोहोचा. सूर्य बुडाल्यानंतरची २०-३० मिनिटं सर्वांत चांगली, कारण आकाशात निळा उजेड असतो आणि दिवेही लागलेले असतात. डिसेंबरात टोकियोत सूर्य साडेचारच्या सुमारास मावळतो, हे लक्षात ठेवा.
• तारीख आणि वेळ ठरवून आधी काढलेलं तिकीट आयत्या वेळच्या तिकिटापेक्षा स्वस्त पडतं. सुट्टीच्या दिवशी दर जास्त असतो. पण फुजीच बघायचा असेल तर घाई करू नका, दोन-तीन दिवस आधीचा हवामानाचा अंदाज बघून मग तिकीट काढा.
• जोराचा वारा असेल तर लिफ्ट बंद ठेवतात. निघण्याआधी वेबसाइट बघा.

काचेआडून फोटो: पायरीपायरीने

१. लेन्स पुसा. काचेचाही त्यातल्या त्यात स्वच्छ तुकडा शोधा.
२. फ्लॅश बंद. त्याचा उजेड काही मीटरच जातो आणि काचेवर आपटून परत येतो.
३. फोन काचेला टेकवा. लेन्स आणि काच यांच्यात फट राहिली नाही तर प्रतिबिंब शिरणार कुठून? फट राहिलीच तर भोवती गडद रंगाचं जाकीट किंवा ओढणी धरा.
४. स्क्रीनचा ब्राइटनेस कमी करा. काचेवरचा तो चौकोनी उजेड बहुतेक वेळा आपल्याच फोनचा असतो.
५. लांबच्या इमारतीवर बोट दाबून धरा, म्हणजे फोकस लॉक होईल. नाहीतर कॅमेरा काचेवरच्या बोटांच्या ठशांवर फोकस करतो.
६. लांबच्या गोष्टींसाठी टेलिफोटो लेन्स असेल तर ३ किंवा ५ पट झूम वापरा. त्यापुढचा डिजिटल झूम म्हणजे त्याच फोटोचा तुकडा कापून मोठा करणं.
७. रात्री नाइट मोड लावा. त्यात फोन काही सेकंदांत अनेक फोटो घेऊन ते एकत्र करतो, त्यामुळे हात हलला तर सगळं पुसट होतं. ट्रायपॉड तिथे चालत नाही. फोन काचेला घट्ट टेकवा आणि ३ सेकंदांचा टायमर लावा.
८. घरी आल्यावर एडिटमध्ये कॉन्ट्रास्ट थोडा वाढवा, 'डीहेझ' असेल तर तो वापरा. थोडाच! जास्त केलं की आकाशावर डाग दिसायला लागतात.

आमची दुसरी फेरी

दुसऱ्या वेळी सकाळी गेलो. आदल्या दिवशी पाऊस पडून गेला होता आणि हवा धुतल्यासारखी स्वच्छ होती. पश्चिमेला फुजी पांढराशुभ्र दिसत होता. फोन काचेला टेकवला, ५ पट झूम, फोकस लॉक. तीन फोटोंत काम झालं. आईला तिथूनच पाठवला.

मला वाटलं, झालं. पण बाबा म्हणाले, "अगं, आता जरा खाली धर. घरांवर."

आता सांगायला हवं, बाबांचं पुण्यात टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. केबल येण्याआधी पुण्याला सिग्नल यायचा तो सिंहगडावरच्या दूरदर्शनच्या टॉवरवरून. बाबा गच्चीवर अँटेना सिंहगडाकडे वळवायचे आणि खालून घरातलं कोणीतरी ओरडायचं, "आलं! गेलं! जरा डावीकडे!" तुमच्या आईबाबांना विचारा, त्यांना नक्की आठवेल.

झूममध्ये टॉवरजवळच्या काही छपरांवर आडव्या काड्यांचे अँटेना दिसले. अगदी तसेच, जसे बाबांनी शेकड्याने बसवले होते. त्याचं नाव यागी-उदा अँटेना, आणि तो जपानीच. हिदेत्सुगु यागी आणि शिंतारो उदा यांनी १९२६ मध्ये तो जगापुढे मांडला. हे मी सांगितल्यावर बाबा हसले. म्हणाले, "यागी हे नाव रोज घ्यायचो. माणसाचं असेल असं कधी डोक्यातच आलं नाही."

मग बराच वेळ ते काचेपाशी उभे राहिले. "सगळे आपल्याकडे तोंड करून आहेत बघ," एवढंच म्हणाले. आयुष्यभर त्यांनी खालून वर, टॉवरच्या दिशेने बघितलं होतं. आज पहिल्यांदा टॉवरच्या बाजूने खाली बघत होते.

फुजीचा फोटो आईच्या फोनच्या वॉलपेपरवर आहे. बाबांच्या फोनवर मात्र छपरांचा आहे.