राजविनोद आणि उपजीविका : भीमाकाठची शिकार

कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात (इ. स. 1129च्या सुमारास) गळाची दोरी, काठी व माशागणिक निराळे आमिष यांचे सविस्तर वर्णन आढळते. ससाण्याकरवी होणारी पक्ष्यांची शिकार हाही तेथे राजविनोदच होय. भीमा-नीरेच्या दुआबात, बारामती-इंदापूरकडे, फासेपारध्यांची मात्र ती उपजीविका होती. त्यांचे नावच तित्तिर-लावे धरण्याच्या फाशावरून पडले. 1871च्या कायद्यान्वये पुढे या समाजावर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का बसला. तो कायदा 1952मध्ये रद्द झाला. तथापि 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने फासाही निषिद्ध ठरला. 1980मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या फुगवट्यावर भिगवणजवळ आज रोहित पक्षी उतरतात, ते केवळ पाहण्यासाठी. पक्षिरक्षण इष्टच आहे. परंतु शिकारीस विनोद म्हणावे की गुन्हा, हे इतिहासाने बहुधा शिकाऱ्याची प्रतिष्ठा पाहून ठरविले, हे विसरता येत नाही.